वीस आठवडे, एक वर्ग

बी.एड. किंवा डी.एल.एड.ला प्रवेश घेताना बहुतेक जण फी पाहतात, कॉलेज घरापासून किती लांब आहे ते पाहतात आणि आधीच्या वर्षीचा निकाल विचारतात. सराव कोणत्या शाळेत मिळतो, तो सलग किती आठवडे चालतो आणि पाठ चालू असताना मागच्या बाकावर बसून तो पाहतं कोण, हे विचारणारे फार थोडे. प्रवेशाआधी विचारायचे खरे प्रश्न मात्र हेच आहेत, असं माझं ठाम मत आहे. शिक्षक शाळेतच घडतो हे आता सगळे मान्य करतात, पण शाळेत नुसती हजेरी लावून कुणी घडत नाही. एकच वर्ग हाती घेऊन त्याच मुलांना सलग शिकवणं, आणि ते शिकवणं दुसऱ्या कुणी पाहून त्यावर मोकळेपणानं बोलणं, या दोन गोष्टी जमून आल्या तरच अभ्यासक्रमातले शाळेतले आठवडे कामी येतात. कॉलेजनं त्या जमवून दिल्या तर उत्तम. नाही दिल्या तर तुम्हालाच जमवाव्या लागतील, आणि बऱ्याच अंशी त्या जमवता येतात.

आधी नियम पाहू. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या, म्हणजे एनसीटीईच्या, २०१४ च्या विनियमांनुसार बी.एड. आणि डी.एल.एड. हे दोन्ही अभ्यासक्रम दोन वर्षांचे आहेत. दोन्हींमध्ये शालेय आंतरवासितेसाठी, सगळ्यांच्या बोलण्यातल्या इंटर्नशिपसाठी, किमान २० आठवडे राखलेले आहेत: पहिल्या वर्षी ४ आणि दुसऱ्या वर्षी १६. कॉलेजातल्या तासांना ८० टक्के हजेरी लागते, शाळेतल्या काळाला ९० टक्के. बी.एड. करणाऱ्यांनी उच्च प्राथमिक आणि माध्यमिक किंवा उच्च माध्यमिक अशा दोन स्तरांवर शिकवावं, अशी अपेक्षा आहे. एक वर्षाचा बी.एड. दोन वर्षांचा करणाऱ्या या बदलाच्या मुळाशी सर्वोच्च न्यायालयानं नेमलेल्या न्या. जे. एस. वर्मा आयोगाचा २०१२ चा अहवाल आहे, आणि आयोग नेमण्याची वेळ आली ती महाराष्ट्रातल्या डी.एड. कॉलेजांच्या मान्यतेच्या वादातून, हे आपण लक्षात ठेवायला हवं. कोणता अभ्यासक्रम घ्यायचा हा निर्णयही आता सरळ झाला आहे. पहिली ते पाचवीला शिकवायचं असेल तर डी.एल.एड., कारण या वर्गांसाठी बी.एड. ही पात्रता धरता येणार नाही असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२३ रोजी दिला. माध्यमिकसाठी बी.एड. घ्यायचा. बारावीनंतर लगेच ठरवणाऱ्यांसाठी चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम काही संस्थांत सुरू झाला आहे. एक वर्षाचा बी.एड. काही उमेदवारांसाठी पुन्हा आणण्याचा प्रस्ताव असलेला मसुदाही परिषदेनं २०२५ मध्ये जाहीर केला, तेव्हा प्रवेशाच्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचल्याशिवाय अर्ज भरू नका.

आकडे वाढले म्हणून प्रश्न सुटला असं मात्र नाही. एक वर्षाच्या जुन्या बी.एड.मध्ये सरावाचं एकक होतं ‘पाठ’. दोन अध्यापन पद्धती, प्रत्येकीचे ठरावीक पाठ, आणि ते पुरे झाले की फाइल तपासून सही. आज आठवी अ, परवा नववी क. त्या वर्गात आधी काय शिकवून झालं आहे ते छात्राध्यापकाला माहीत नसे, आणि आपण गेल्यावर त्या शिकवण्याचं काय झालं तेही कळत नसे. तक्ता रंगवायचा, टाचण हर्बार्टच्या पायऱ्यांत बसवायचं, प्रस्तावनेचे चार प्रश्न विचारून हेतुकथनावर यायचं, आणि मुलांनी पाहुण्यासमोर वागावं तसं वागायचं. अशा पाठातून बोलण्याची भीड जाते, फळा कसा वापरायचा ते कळतं, वेळेचा अंदाज येतो. हा फायदा खोटा नाही. १९६३ च्या सुमारास स्टॅनफर्डला सुरू झालेलं आणि आपल्या कॉलेजांत रुजलेलं सूक्ष्म अध्यापनही याच जातीचं: एक कौशल्य, पाच-दहा मिनिटं, समोर आपलेच सहाध्यायी. सुरुवातीला ते हवंच. अडचण अशी, की सुट्या पाठातून शिक्षकाला स्वतःच्या शिकवण्याचा परिणाम कधी दिसत नाही. तास रंगला की नाही एवढंच त्याला कळतं. मुलांना काय समजलं ते दुसऱ्या दिवशीच्या वहीत आणि तिसऱ्या आठवड्यातल्या चाचणीत दिसतं, आणि तोवर छात्राध्यापक दुसऱ्या वर्गात पोचलेला असतो. दुर्दैवानं वीस आठवड्यांच्या नव्या रचनेतही पुष्कळ ठिकाणी हीच पद्धत पांघरूण बदलून चालू आहे. शाळेत बसायचे दिवस वाढले, एका वर्गापाशी राहणं वाढलं नाही.

यात किती काय हातचं निसटतं, ते दशांश अपूर्णांकाच्या एका उदाहरणावरून पाहा. ०.५ आणि ०.२५ यांतला मोठा कोणता, असं विचारलं की वर्गातली बरीच मुलं ०.२५ म्हणतात, कारण २५ हा ५ पेक्षा मोठा. आपण मोठी माणसंच ‘पॉइंट पंचवीस’ म्हणतो, त्यामुळे हा समज आणखी पक्का होतो. छात्राध्यापक चूक दुरुस्त करतो, पुन्हा विचारतो, हात वर होतात, ‘०.५’ असं उत्तर येतं, तास संपतो आणि निरीक्षण वहीत ‘विद्यार्थी-सहभाग चांगला’ असा शेरा पडतो. पण बरोबर उत्तर देणाऱ्यांतली काही मुलं वेगळ्याच चुकीच्या नियमानं तिथं पोचलेली असतात. दशांश चिन्हापुढे जितके जास्त अंक तितकी संख्या लहान, असं त्यांनी धरलेलं असतं. त्यांना ०.४ आणि ०.४५ दिलं की ती ०.४ मोठा म्हणतील. म्हणजे एका प्रश्नाच्या बरोबर उत्तराआड दोन निरनिराळे विचार दडलेले असतात, आणि ते वेगळे करायला दुसऱ्या दिवशी मुद्दाम निवडलेला दुसरा प्रश्न लागतो. तो सुचण्यासाठी आदल्या दिवशीच्या वह्या पाहिलेल्या असाव्या लागतात, आणि दुसऱ्या दिवशी तोच वर्ग समोर असावा लागतो. अध्यापनशास्त्राच्या पुस्तकात ‘पूर्वज्ञान’ या शीर्षकाखाली हे वाचता येतं. पण अमुक मुलगी अमुक तऱ्हेनं का चुकते हे हुडकण्याची सवय तिच्याच वहीपाशी लागते.

यावर पहिला आक्षेप असा येईल, की मग कॉलेज हवं कशाला, सरळ शाळेत उमेदवारी करावी. तो मला पटत नाही. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ डॅन लॉर्टी यांनी १९७५ च्या आपल्या पुस्तकात एक साधी गोष्ट दाखवून दिली. शिक्षक होऊ पाहणाऱ्यानं विद्यार्थी म्हणून बाकावर बसून सुमारे १३ हजार तास शिक्षकांना पाहिलेलं असतं. इतका काळ नवशिक्यानं पाहिलेला दुसरा व्यवसाय नसेल. पण त्यानं पाहिलेलं असतं ते फक्त फळ्यासमोरचं. शिक्षकानं हाच प्रश्न का निवडला, कुणाला मुद्दाम विचारलं, काय गाळलं, हे बाकावरून दिसत नाही. म्हणून नवा शिक्षक अडचणीत आला की आपल्या जुन्या गुरुजींसारखा वागू लागतो, त्यांच्या चुकांसकट. शाळेत केवळ सोडून दिलेला छात्राध्यापक शाळेची आहे ती रीत उचलतो. उत्तरं फळ्यावर लिहून देण्याची रीत असेल तर तीही. तिला प्रश्न विचारण्याचं बळ बालमानसशास्त्रातून, विषयज्ञानातून आणि कॉलेजातल्या चर्चेतून मिळतं. सिद्धांत हवा, फक्त तो वर्गातल्या एखाद्या घटनेला भिडलेला हवा.

इंग्लंडचं उदाहरण इथे उपयोगी पडतं, कारण तिथे शाळाकेंद्री प्रशिक्षणाचा प्रयोग मोठ्या प्रमाणावर झाला आहे. शाळांच्या गटांनी स्वतः शिक्षक घडवावेत अशी योजना तिथे १९९३ पासून आहे. पदवीनंतरच्या एक वर्षाच्या प्रशिक्षणात किमान १२० दिवस, म्हणजे २४ आठवडे, शाळेत घालवावे लागतात आणि किमान दोन शाळांचा अनुभव घ्यावा लागतो. शाळेतला काळ आपल्यापेक्षा फार जास्त नाही, पण तो एका वर्षात दाटलेला आहे आणि शाळेतला मार्गदर्शक हा त्या रचनेचा कणा मानलेला आहे. तरीही २०१५ मध्ये अँड्र्यू कार्टर यांच्या समितीनं या प्रशिक्षणाचा आढावा घेतला, तेव्हा मार्गदर्शकांचा दर्जा सगळीकडे सारखा नाही आणि असायला हवा तितका चांगला नाही, असाच निष्कर्ष निघाला. शाळेत किती दिवस घालवले यापेक्षा त्या दिवसांत कुणाची साथ होती याला वजन जास्त, हे तिथल्या अनुभवावरूनही दिसतं. आपल्याकडे तर याची जुनी ओळख आहे. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी बालमंदिराच्या जोडीला अध्यापन मंदिर चालवलं, आणि पुढे ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला बालवाडीच्या कामातूनच शिक्षिका घडवल्या. मुलं एकीकडे आणि शिक्षकांचं शिक्षण दुसरीकडे, असं त्यांनी होऊ दिलं नाही.

तेव्हा सीईटीनंतर कॉलेजांचे पर्याय भरण्याआधी निदान दोन-तीन कॉलेजांत जाऊन दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना गाठा. प्राचार्य सांगतील ते माहितीपुस्तिकेतही असतं. खरं उत्तर नुकतेच शाळेतून परतलेले विद्यार्थी देतात. सोळा आठवडे सलग असतात की मधूनमधून कॉलेजात बोलावतात, एका शाळेत किती जणांना पाठवतात, कॉलेजचे प्राध्यापक पाठ पाहायला किती वेळा येतात आणि पूर्ण तास बसतात का, पाठानंतर बोलतात की नुसती सही करतात, हे विचारा. एका लहान शाळेत पंधरा-वीस छात्राध्यापक पाठवले असतील तर तुमच्या वाट्याला तासच येणार नाहीत. ‘यायची गरज नाही, आम्ही हजेरी सांभाळून घेऊ’ असं सुचवणारं कॉलेज घराजवळ आणि स्वस्त असलं तरी टाळा. ते नियमाविरुद्ध आहे हा एक भाग. दुसरा असा, की तुम्ही पैसे देऊन प्रशिक्षण न घेण्याचा सौदा करत असता, आणि त्याची किंमत तुमच्या पहिल्या वर्गातली मुलं भरतात.

शाळा मिळाल्यावर पहिल्या आठवड्यात मुख्याध्यापकांना आणि विषयशिक्षकांना भेटून एकच मागणी करा: एक तुकडी आणि त्या तुकडीचा एक पूर्ण घटक. त्या घटकाचं नियोजन तुम्ही कराल, तास तुम्ही घ्याल, वह्या तुम्ही तपासाल, घटक चाचणी काढून तपासाल, आणि मागे पडलेल्यांना पुन्हा शिकवाल. शिक्षक का-कू करतील, आणि त्यांची काळजी रास्त असते, कारण अभ्यासक्रम मागे पडला तर जबाब त्यांना द्यायचा असतो. म्हणून त्यांचं वार्षिक नियोजन आधी मागून घ्या, त्यातल्या तारखा पाळण्याचं कबूल करा आणि दोन दिवस आधी टाचण दाखवा. टाचणात ‘शिक्षककृती’, ‘विद्यार्थीकृती’ हे रकाने कॉलेजला हवे तसे भरा, पण समासात स्वतःसाठी तीन गोष्टी लिहा: या तासातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न, त्याला येऊ शकणारी चुकीची उत्तरं आणि ती आली तर पुढे काय करायचं. सजावटीपेक्षा या तीन ओळींवर वेळ खर्च करा.

पाठ पाहणाऱ्याकडून काय घ्यायचं हेही शिकावं लागतं. ‘आवाज स्पष्ट’, ‘फलकलेखन सुधारावे’, ‘वर्गनियंत्रण ठीक’ अशा शेऱ्यांनी कुणी सुधारत नाही. दोष पाहणाऱ्याचा कमी, त्याला काय पाहायचं हे सांगितलेलं नसतं. म्हणून तासाआधी एकच प्रश्न त्यांच्या हाती द्या. उदाहरणार्थ: ‘मॅडम, प्रश्न विचारल्यावर मी किती थांबते, आणि कोणत्या मुलांनाच परत परत विचारते, एवढं टिपाल का?’ हा प्रश्न मी सहज निवडलेला नाही. अमेरिकेतल्या मेरी बड रो यांनी विज्ञानाच्या तासांच्या अभ्यासातून दाखवलं, की शिक्षक प्रश्न विचारून सरासरी एखादा सेकंदच थांबतात, आणि हा थांबा तीन सेकंदांपर्यंत नेला की उत्तरं लांब आणि विचारपूर्वक येऊ लागतात, एरवी गप्प राहणारी मुलंही बोलतात. आपण किती थांबतो हे शिकवताना स्वतःला कळत नाही. दुसऱ्यानं मोजलं तरच कळतं. पुढच्या आठवड्यात दुसरी एखादी गोष्ट द्या. मार्गदर्शक शिक्षकांना वेळ नसतो, हा आक्षेप अगदी खरा आहे. सहा-सात तास, वर नोंदी, पोर्टलवरची माहिती, पोषण आहाराचा हिशेब, यांतून त्यांनी तासभर द्यावा ही अपेक्षा चुकीचीच. पण नेमका प्रश्न दिला तर मधल्या सुट्टीतली दहा मिनिटं पुरतात. आणि तीही मिळाली नाहीत तर बरोबरचा छात्राध्यापक आहेच. दोघांनी एकमेकांचे पाठ आठवड्यातून दोनदा पाहायचे, एकच गोष्ट टिपायची, कौतुक आणि टीका दोन्ही बाजूला ठेवून नुसतं काय दिसलं ते सांगायचं.

गैरहजर शिक्षकांचे ऑफ तास छात्राध्यापकांच्या गळ्यात पडतात, ही तक्रार जवळजवळ सगळीकडे ऐकू येते. सरसकट नाही म्हणणं शाळेत राहून जमत नाही. पण आपली तुकडी सोडून रोज तीन-तीन वर्ग सांभाळायला लागले तर कॉलेजच्या आंतरवासिता प्रमुखांना तसं वेळीच, लेखी कळवा. परिपाठ, पालकसभा, हजेरीपट, आकारिक मूल्यमापनाच्या नोंदी यांतलं काम मात्र मागून घ्या, कारण नोकरीच्या पहिल्या दिवसापासून ते तुमच्याकडे असणार. डी.एल.एड. करणाऱ्यांनी निदान काही दिवस जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत काढावेत. शिक्षण हक्क कायद्यानुसार साठपर्यंत पटाच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक मिळतात, म्हणजे पाच इयत्ता दोघांत. तिथे तिसरीला शिकवताना चौथीच्या मुलांनी काय करायचं याचं नियोजन हेच मुख्य कौशल्य असतं, आणि शहरातल्या मोठ्या शाळेत ते दिसणारही नाही. त्याच कायद्याच्या कलम १७ नं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींवर बंदी आहे. शाळेतले इतर काहीही करत असोत, तुमच्या हातून ते होता कामा नये. मुलांचे फोटो स्टेटसला टाकू नका. एखाद्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर ते पोलिसांपर्यंत पोचवणं २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं बंधनकारक आहे, आणि छात्राध्यापक असल्यानं त्यातून सूट मिळत नाही.

सगळ्यात जोरकस आक्षेप नोकरीचा आहे. शिक्षक पात्रता परीक्षा म्हणजे टीईटी १५० गुणांची, अभियोग्यता चाचणी म्हणजे टेट २०० गुणांची, मग भरतीचं पवित्र पोर्टल. यांत इंटर्नशिप विचारतं कोण? वर्गात वेळ घालवण्यापेक्षा अभ्यासिकेत बसावं, असं मुलं म्हणतात आणि घरचेही म्हणतात. या हिशेबाला मी कमी लेखत नाही. जागा थोड्या, उमेदवार भरमसाट, आणि पात्र होऊनही वर्षानुवर्षं थांबलेले लोक आपण पाहतो. पण टीईटीच्या दोन्ही पेपरांत बालमानसशास्त्र आणि अध्यापनशास्त्राचे ३० गुण असतात, आणि तिथले प्रसंगावर आधारित प्रश्न वर्ग पाहिलेल्याला सोपे जातात. मुलाखतीसह भरती करणाऱ्या खासगी संस्थांत अध्यापन कौशल्यही पाहिलं जातं. शिवाय नेमणूक मिळाल्यावर शिक्षण सेवक म्हणून पहिल्याच दिवशी पूर्ण वर्ग हाती येतो. त्यानंतर पाठ पाहून शांतपणे सांगणारं माणूस बहुधा कुणी नसतं. चुकायला आणि ती चूक कुणीतरी दाखवून द्यायला अख्ख्या कारकिर्दीत हेच वीस आठवडे राखून ठेवलेले असतात.

आणखी एक आक्षेप पैशाचा. त्याला माझ्याकडे पुरं उत्तर नाही, आणि ते छात्राध्यापकानं एकट्यानं शोधावं असंही मला वाटत नाही. वैद्यकीय पदवीच्या आंतरवासितेत विद्यावेतन मिळतं. शिक्षकांच्या आंतरवासितेत उलट प्रवासखर्च, तक्ते, फाइली यांचा भार विद्यार्थ्यावर पडतो. शेतीची कामं, घरची जबाबदारी, लहान मूल सांभाळत बी.एड. करणाऱ्या स्त्रिया या कॉलेजांत मोठ्या संख्येनं असतात. ९० टक्के हजेरीची अट घालणाऱ्या व्यवस्थेनं त्या काळासाठी विद्यावेतन द्यायला हवं, ही मागणी शिक्षक संघटनांनी आणि विद्यार्थ्यांनी लावून धरण्याजोगी आहे. ते होईपर्यंत, शाळांचं वाटप होण्याआधीच घराजवळची शाळा कॉलेजकडे अर्ज करून मागा. मान्यताप्राप्त शाळा असेल तर पुष्कळ कॉलेजं ऐकतात. शिकवण्या घेत असाल तर त्या संध्याकाळी ठेवा, आणि शाळेतल्या विषयाच्याच ठेवा, म्हणजे तयारी दोनदा करावी लागणार नाही.

अहवालाची फाइल सगळेच करतात. तिच्याशिवाय एक वेगळा गठ्ठा स्वतःजवळ ठेवा: शिकवलेल्या घटकाची मूळ टाचणं खाडाखोडीसह, घटक चाचणीची प्रश्नपत्रिका, पाच-सहा उत्तरपत्रिकांच्या नावं झाकलेल्या प्रती आणि प्रत्येकीशेजारी तुम्ही नंतर काय बदललं याच्या दोन ओळी. शेवटच्या आठवड्यात हा गठ्ठा घेऊन मार्गदर्शक शिक्षकांसमोर अर्धा तास बसा आणि हाच घटक पुन्हा शिकवायचा झाला तर ते कुठून सुरुवात करतील, ते विचारून लिहून घ्या. संस्थेच्या मुलाखतीला जाताना हीच कागदपत्रं बरोबर न्या.